दारं बसवून नऊ महिने झाले: जवळच्या मिस्त्रीच्या कामाचा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वी घरातल्या तीन दारांचं काम करून घेतलं. मुख्य दार चौकटीसकट नवं, बाथरूमचं दार नवं आणि आईच्या खोलीचं दुरुस्त. काम झालं त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं पॉलिशचं कौतुक केलं असतं. पण दार कसं बसलंय ते हवा बदलल्यावर कळतं, म्हणून एक पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे महिने जाऊ दिले.

सुरुवात आईच्या खोलीपासून झाली. तिथलं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायचं आणि खाली फरशीवर खरखरत यायचं. आईचे गुडघे दुखरे. रात्री उठली की तिला खांदा लावून दार ढकलावं लागायचं, ते मला बघवत नव्हतं. फोनवर जो पहिला मिळाला त्याला बोलावलं. त्याने दोनदा उघडझाप केली, दार उतरवलं, कडेवर रंधा मारला आणि परत चढवलं. अर्ध्या तासात दार हलकं फिरायला लागलं, आम्ही खूश. दोन महिन्यांत पुन्हा घासायला लागलं. पुन्हा तोच माणूस, पुन्हा रंधा. तिसऱ्यांदा घासलं तेव्हा कुलपाच्या बाजूला खाली करंगळी जाईल एवढी फट पडली होती आणि लॅचची जीभ चौकटीवरच्या पट्टीतल्या खाचेत न जाता तिच्या खाली आपटत होती.

मग शेजारच्यांनी त्यांच्याकडे काम केलेल्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. ते आले आणि त्यांनी दाराकडे नीट बघितलंसुद्धा नाही, आधी चौकट बघितली. दार अर्धं उघडलं, हँडल धरून वर उचललं. वरच्या बिजागरीपाशी दार चौकटीपासून हललं, मला उभ्या जागेवरून दिसेल एवढं. ‘ताई, यात रंध्याचं कामच नव्हतं. वरची बिजागरी सुटलीय.’ स्क्रूची भोकं झिजून मोठी झाली होती, स्क्रू नुसते जागच्या जागी फिरत होते. त्यांनी भोकांत सरस लावून लाकडी खुंट्या ठोकल्या, वाळायला एक दिवस दिला आणि दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा लांब स्क्रूंनी बिजागरी आवळली. रंधून गेलेल्या कडेला लाकडी पट्टी चिकटवून दाराची रुंदी भरून काढली.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. दार कुठे घासतंय यावरून दुखणं कळतं. फक्त कुलपाकडचा वरचा कोपरा चौकटीला आणि खालचा फरशीला लागत असेल तर दार खाली ओढलं गेलंय, बहुधा वरची बिजागरी सैल. कुलपाकडची सगळी कड वरपासून खालपर्यंत एकसारखी घासत असेल आणि तेही दमट हवेतच, तर लाकूड फुगलंय. लाकूड उभ्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळपास नाही, म्हणून त्रास रुंदीतच होतो. आणि फुगलेलं दार भर पावसात रंधलं तर कोरड्या हवेत ते आकसतं नि फट पडते. त्यापेक्षा हवा सुकेपर्यंत थांबावं, आणि रंधावंच लागलं तर उघडं पडलेलं लाकूड लगेच रंगवून किंवा पॉलिश करून बंद करावं. आमच्या दाराची रंधलेली कड पहिल्या माणसाने दोन्ही वेळा कोरीच सोडली होती. ती कड ओल पीत बसली.

मुख्य दाराचं काम याच मिस्त्रींना दिलं ते यामुळेच. माप घ्यायला आले तेव्हा भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली, उंची दोन्ही बाजूंना मोजली, कर्णही धरले. दोन कर्णांत फरक निघाला, म्हणजे जागा काटकोनात नव्हती. माप लिहून घेऊन त्यातल्या सर्वांत लहान मापावर चौकट बेतली आणि भिंतीशी उरलेल्या जागेत पाचरी दिल्या. पाचरी मुख्यतः बिजागऱ्यांच्या मागे, कारण वजन तिथे येतं. ओळंबा दोन दिशांनी लावला: एकदा समोरून, एकदा बाजूने. बाजूने बघायला बरेच जण विसरतात, मग दार अर्धं उघडून सोडलं की आपोआप मिटतं किंवा उघडत जातं. चौकट आणि भिंतीमधल्या फटीत फुगणारा फोम भरताना चौकटीच्या मध्ये आडवी काठी टेकवली होती, नाहीतर फोम फुगून चौकटीच्या उभ्या दांड्या आत वाकवतो. नुसत्या फोमवर चौकट त्यांनी ठेवली नाही, स्क्रूने भिंतीत धरली. दाराला तीन बिजागऱ्या, आणि दार व चौकटीत साधारण 3 मिमी फट सगळीकडे सारखी. बसवण्याआधी दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही पॉलिशचा हात मारला. त्या कडा कुणाला दिसत नाहीत, पण ओल तिथूनच शिरते. हे मी मुद्दाम उभं राहून बघितलं.

बाथरूमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जुनं दार खालून कुजलं होतं, नवं डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेलं) घेतलं, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाली हवेसाठी फट ठेवली. पाणी लागूनही अजून फुगलं नाही.

पैशांच्या बोलणीत एक गोष्ट फार उपयोगी पडली. मी कागदावर लिहून मागितलं: जुनी चौकट कोण काढणार, ती उचलून कोण नेणार, भिंतीची मोडतोड कोण लिपणार, कुलूप आणि बिजागऱ्या यात धरल्यात का, आणि पुन्हा एकदा येऊन बघणार का. पहिल्या माणसाशी यातलं काहीच बोलले नव्हते. या मिस्त्रींनी दोन ओळींत लिहून दिलं, त्यातली शेवटची ओळ ‘पावसानंतर एक फेरी’ अशी होती. सगळे पैसे आधी मागितले नाहीत, थोडे शेवटच्या फेरीपर्यंत राहू दिले.

तक्रारी आहेत. काम ठरल्यापेक्षा चार दिवस लांबलं, आणि मधल्या एका रात्री मुख्य दाराच्या जागी नुसती प्लायची फळी होती. आई घरात असताना मला ती रात्र जड गेली. असं होणार हे आधी कळलं असतं तर मी कुणालातरी सोबतीला बोलावलं असतं. दुसरं, बाथरूमच्या चौकटीला लावलेलं सीलंट एका कोपऱ्यात सुटलंय. फोन केला, म्हणाले फेरीत करतो, आणि केलं नाही, अजून बाकी आहे.

पण ते फेरीला आले, ते महत्त्वाचं. मुख्य दाराच्या चौकटीवर बसवतानाच त्यांनी पेन्सिलने एक बारीक रेघ मारून ठेवली होती, दाराची कड कुठे येते ते दाखवणारी. पावसानंतर त्यांनी दार लावलं, खाली वाकून रेघ बघितली आणि मला बोलावून दाखवली. दार रेघेवरच होतं. आईच्या खोलीत त्यांनी कुलपाची पट्टी काढून केसभर वर घेतली, कारण दार उचलल्यावर जीभ आता खाचेच्या वरच्या काठाला लागत होती. आई आता रात्री एका हाताने दार उघडते, दुसरा हात भिंतीला.