यूएसबीटूलबॉक्स : पंधरा पोर्टांचा हिशेब जुळवून देणारे साधन

स्वतः सुटे भाग जोडून बांधलेल्या संगणकावर मॅकओएस चालवणाऱ्याला ग्राफिक्स, आवाज आणि इंटरनेट मार्गी लागल्यानंतरही जी गोष्ट छळत राहते, ती म्हणजे यूएसबी. २०१५ साली आलेल्या एल कॅपिटन आवृत्तीपासून मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या भागावर, १५ च पोर्ट मानते. ॲपलच्या स्वतःच्या यंत्रांना ही मर्यादा आड येत नाही. माझ्या मदरबोर्डवरच्या झेड३९० चिपसेटचा एकटा कंट्रोलर मात्र २६ पोर्ट जाहीर करतो. त्यात यूएसबी ३ चे प्रत्येक सॉकेट दोनदा मोजले जाते: जुन्या वेगासाठी एचएस आणि नव्या वेगासाठी एसएस. अशा संगणकावर मॅकओएस सुरू करून देणाऱ्या ओपनकोर या बूटलोडरमधले एक सेटिंग चालू करून ही मर्यादा तात्पुरती उठवण्याची सोय पूर्वी होती, परंतु मॅकओएस ११.३ पासून ती भरवशाची राहिली नाही. म्हणून आता कोणते १५ पोर्ट ठेवायचे हे आपणच ठरवून त्याचा नकाशा तयार करावा लागतो.

यूएसबीटूलबॉक्स हे मोफत साधन हा नकाशा विंडोजमध्ये बसून करू देते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल यातच आहे. विंडोजला १५ ची अट नसल्यामुळे सगळे पोर्ट एकाच वेळी दिसतात आणि काम चालू असताना कीबोर्डच बंद पडण्याची धास्ती राहत नाही. दिसायला ते अगदी साधे, काळ्या पडद्यावर अक्षरे टाइप करून चालवायचे आहे. ‘डी’ दाबले की पोर्टांची यादी येते. मग एक यूएसबी २ चा पेनड्राइव्ह आणि एक यूएसबी ३ चा ड्राइव्ह घेऊन प्रत्येक सॉकेटमध्ये आळीपाळीने लावायचा, थोडे थांबायचे आणि कोणत्या ओळीखाली त्याचे नाव उमटते ते पाहायचे. टाइप-सी सॉकेटमध्ये ड्राइव्ह दोन्ही बाजूंनी लावून पाहावा. दोन्ही वेळा तोच एसएस पोर्ट दिसला तर त्याचा प्रकार, म्हणजे सॉकेट कसले आहे हे मॅकओएसला सांगणारा आकडा, ९ ठेवायचा; वेगळा दिसला तर १०.

माझी बेरीज १८ झाली: मागची यूएसबी २ ची २ सॉकेट, यूएसबी ३ च्या ४ सॉकेटांचे ८, कॅबिनेटच्या पुढच्या २ सॉकेटांचे ४, टाइप-सीचे २, ब्लूटूथचा १ आणि बोर्डवरच्या दिव्यांच्या कंट्रोलरचा १. दिव्यांचा पोर्ट सरळ वगळला. राहिलेले दोन कमी करण्यासाठी मागच्या ज्या दोन सॉकेटांत प्रिंटर आणि ऑडिओ इंटरफेस कायमचे लागलेले असतात, त्यांचे फक्त एसएस भाग काढले, कारण ती दोन्ही उपकरणे यूएसबी २ वरच चालतात. अशा रीतीने १५ चा मेळ बसला आणि बाहेरचे एकही सॉकेट गमवावे लागले नाही.

पोर्टांचे प्रकार हे साधन अंदाजाने भरते, पण ते एकेक करून तपासलेच पाहिजेत. माझ्याकडून ब्लूटूथच्या पोर्टचा प्रकार २५५, म्हणजे ‘अंतर्गत’, करायचा राहिला होता, तेव्हा संगणक झोपवला की पडदा काळा होई आणि काही सेकंदांत पंखे पुन्हा फिरू लागत. प्रकार बदलून नकाशा नव्याने तयार केल्यावर तो रात्रभर शांत झोपू लागला.

शेवटी ‘के’ दाबल्यावर यूटीबीमॅप नावाचे केक्स्ट, म्हणजे मॅकओएसमध्ये ड्रायव्हरसारखी घालायची फाइल, तयार होते. ते यूएसबीटूलबॉक्सच्या मुख्य केक्स्टसोबतच ओपनकोरमध्ये घालावे लागते; नवख्या माणसाची पहिली चूक बहुधा इथेच होते. दोन केक्स्ट नको असतील तर ‘नेटिव्ह क्लासेस’ हा पर्याय आहे, परंतु तो नकाशा ओपनकोरमध्ये निवडलेल्या मॅक मॉडेलशी बांधला जातो, म्हणून मी मूळचीच पद्धत ठेवली.

ॲपलचा परवाना मॅकओएस फक्त ॲपलच्या संगणकांवर चालवू देतो आणि इंटेल प्रोसेसरसाठी मॅकओएस २६ ही शेवटची आवृत्ती आहे, हे जाणूनच या वाटेला जावे. ज्यांचे यंत्र आधीच चालू आहे, त्यांनी नकाशा घातल्यावर सिस्टिम इन्फर्मेशनमधली यूएसबीची यादी उघडून यूएसबी ३ चा ड्राइव्ह प्रत्येक निळ्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. वेग ५ गिगाबिट दिसत नसेल, तर त्या सॉकेटचा एसएस भाग यादीतून सुटला आहे.