खारवट रानात मायकोरायझा: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचं रान दौंड तालुक्यात, नव्या मुठा उजव्या कालव्याच्या पाण्याखालचं. राहतो हडपसरला, रोजचं काम दीर बघतात, मी सुट्टीला जाते. रानाच्या खालच्या अंगाला जो पट्टा आहे, तिथे फेब्रुवारी उलटला की वरंब्यांच्या माथ्यावर पांढरं मीठ फुटतं, पानांच्या कडा करपतात आणि लागणीनंतर नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागा, भरता भरता जीव जातो. या पट्ट्यात आम्ही मायकोरायझा, म्हणजे दुकानदार ज्याला अजून व्हॅमच म्हणतात ती मुळांवरची बुरशी, लागोपाठ दोन हंगाम वापरली. मला विचारणारे बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

निकाल आधीच सांगते. कांदा आणि टोमॅटोला फरक डोळ्यांनी दिसला, मिरचीला थोडाफार, फ्लॉवरला काहीच नाही. बुरशीमुळे जमिनीतलं मीठ तसूभरही कमी झालं नाही. ते या बुरशीचं कामच नाही, आणि पाकिटावर कुणी ‘क्षार कमी करते’ असं छापलं असेल तर ते पाकीट खाली ठेवा.

मग ती करते काय? तिचे तंतू मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मातीत मुळापेक्षा कितीतरी लांब पसरतात. आपल्या चुनखडीच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) जागच्या जागी अडकून बसतो, मुळाशेजारचा संपला की रोप उपाशी. हे तंतू लांबचा स्फुरद आणि जस्त आणून देतात, बदल्यात रोपाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात. खारवट जमिनीत आणखी एक गोष्ट घडते. मातीत सोडियम वाढला की तो मुळाच्या दारात पोटॅशशी स्पर्धा करतो. बुरशी असलेल्या रोपांच्या पानांत पोटॅशचं प्रमाण सोडियमच्या तुलनेत जास्त राहतं, हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. पाणी ओढण्याची ताकदही टिकते. ही जोडी फार जुनी. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी इथल्या 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशीच बुरशी सापडली आहे. जर्मनीच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीत ग्लोमस जिओस्पोरम नावाची जात मुबलक मिळते. म्हणजे मीठ सोसणाऱ्या जाती निसर्गात आहेत.

पण एक अडचण आहे, आणि सगळा वापर तिच्यावर ठरतो. जास्त मिठात या बुरशीचे बीजाणू नीट रुजत नाहीत, तंतूही आखडतात. थेट खारवट वाफ्यात पावडर टाकली तर ती जिथे हवी तिथेच कमजोर पडते. म्हणून आम्ही रोपांना बुरशी रोपवाटिकेतच दिली. प्रो-ट्रे (रोपांचे खणांचे ट्रे) भरताना बुरशीची पावडर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळली, बी तिच्यावर पडेल अशी. रोप रानात जाईपर्यंत मुळात बुरशी बसलेली असते आणि मिठाशी गाठ पडते तेव्हा दोघं बरोबर असतात. कोकोपीट मात्र धुऊन घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मूळचंच सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. खारवट रानासाठी रोप तयार करायचं आणि त्याला ट्रेमध्येच मीठ पाजायचं, याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट दिरांना पटवायला वेळ लागला. लागणीनंतर ड्रिपमधून 12:61:00 हे भरपूर स्फुरदाचं विद्राव्य खत सोडायची आपली सवय. भरपूर स्फुरद सहज मिळाला की रोप बुरशीला साखर देणं कमी करतं आणि मुळातली बुरशी ओसरते. “वहिनी, स्फुरद तोडला तर मुळी सुटणार कशी?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आम्ही पूर्ण बंद केला नाही. माती परीक्षणात स्फुरद पुरेसा निघाला, तेवढ्यापुरती मात्रा उतरवली. मुळी सुटली, आणि चांगली सुटली. कार्बेन्डाझिमची आळवणीही (मुळाशी द्रावण ओतणं) टाळली, कारण ते आंतरप्रवाही बुरशीनाशक या बुरशीलाही सोडत नाही.

पट्ट्यातल्या काही ओळी आम्ही मुद्दाम बिनापावडरच्या ठेवल्या. पाणी तेच, खत तेच, रोपांचं वय तेच. माझा सगळा विश्वास या ओळींवर उभा आहे. टोमॅटोत त्या ओळींना नांग्या जास्त भराव्या लागल्या आणि दुपारी पानं लवकर मलूल व्हायची. कांद्यात फरक सगळ्यात ठळक: बुरशीच्या ओळींत पात हिरवी राहिली, कांदा एकसारखा पोसला. यात नवल नाही. कांद्याची मुळं जाड, आखूड, केसमुळं नगण्य, त्यामुळे तो या बुरशीवर जास्त विसंबून असतो. शिवाय तो मिठाला नाजूक. मातीच्या संपृक्त अर्काची (पाण्याने पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप, मीटरला 1.2 डेसीसायमनच्या पुढे गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. टोमॅटो 2.5 पर्यंत सोसतो, ऊस 1.7 पर्यंत. हे आकडे वापरताना जपा: आपल्याकडे प्रयोगशाळा बहुधा माती जास्त पाण्यात कालवून मोजतात, तो आकडा कमी येतो. त्याची थेट तुलना केली तर रान आहे त्यापेक्षा गोडं वाटेल.

फ्लॉवरचं कारण सरळ आहे. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही कुळी या बुरशीला मुळात घेतच नाही. पालक आणि बीटसुद्धा तसेच. त्यांच्यासाठी पैसे घालवू नका.

पुण्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीने आमची मुळं तपासली. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उकळून, ट्रिपान ब्लू रंग देऊन तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशींच्या आत झुडपासारख्या बारीक फांद्या निळ्या उठून दिसत होत्या, मध्ये मध्ये तेल साठवलेले फुगे. बिनापावडरच्या ओळींतही बुरशी होती, पण विरळ. म्हणजे रानात मूळची जमात जिवंत आहे. तेव्हापासून आम्ही त्या पट्ट्यात रोटाव्हेटर जपून फिरवतो, कारण तंतूंचं जाळं त्याने तुटतं, आणि रान मोकळं न ठेवता मधल्या काळात ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं पेरतो. जिवंत मुळाशिवाय ही बुरशी वाढत नाही.

पाकीट घेताना तारीख बघा, उन्हात ठेवलेलं घेऊ नका. एकाच बुरशीची दोन नावं दिसतील, ग्लोमस इंट्रारॅडिसेस आणि रायझोफॅगस इरेग्युलॅरिस, गोंधळू नका. ब्रँड मी मुद्दाम सांगत नाही, कारण आम्ही एकच वापरला आणि तुलना करण्याइतका अनुभव नाही.

कालवा आला की खालचं रान खारवटणं, हे आपल्या जिल्ह्याला नवं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास 1910 सालीच मांडला होता. तेव्हाही मूळ दुखणं निचऱ्याचं, आजही तेच. आमच्या पट्ट्याला चर काढले, पावसाच्या गोड्या पाण्याने मीठ खाली धुऊन जाऊ दिलं, आणि त्यावर ही बुरशी दिली. माझ्या मते हाच क्रम योग्य. जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट झालेली) असेल, सामू (pH) 8.5 च्या वर असेल, तर आधी जिप्सम आणि निचरा. नुसत्या पावडरीवर तिथे खर्च करू नये. मध्यम खारवट रान, रोपं घरची, पीक कांदा किंवा टोमॅटो असेल तर जरूर वापरा. येत्या हंगामात आम्ही कांद्याचं सगळं रोप असंच करणार आहोत, आणि बिनापावडरच्या ओळी तरीही ठेवणार आहोत.