माळरान: झाडं लावायची की गवत राखायचं?

२०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. गिरीपुष्प, सुबाभूळ भराभर वाढतात, फोटोतही हिरवंगार दिसतं! पण सोलापूरकडच्या माळावर वीतभर खाली मुरूम लागतो. पावसाने महिनाभर ओढ दिली की खड्ड्यातलं रोप वाळतं. जगलंच, तर दाट सावलीत गवत मरतं. माळढोक, धाविक हे पक्षी आणि काळवीट यांना तर उघडाच माळ लागतो.

राखलेलं कुरण उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं. पवन्या, मारवेल या गवतांची मुळं मात्र जिवंत असतात. वळीव पडला की कोंब वर. चारा मिळतो, आणि वणवा लागला तरी गवताने हवेतून शोषलेला बराचसा कार्बन मातीतच राहतो. पावसाचा भरवसा उरलेला नसताना मी कुरणाच्या बाजूने. झाडं ओढ्याकाठी, बांधावर लावा की!