रिपोर्ट रखडतोय: रीकम्पाइल की ऑप्टिमाइझ फॉर अननोन?

एसक्यूएल सर्व्हरची तीच क्वेरी एसएसएमएसमध्ये (क्वेरी हाताने चालवायचं साधन) झटकन आणि एसएसआरएसमधून (रिपोर्ट बनवणारी सेवा) रखडत चालते, तेव्हा अरिथअबॉर्ट हे कनेक्शनचं सेटिंग बघा. एसएसएमएसमध्ये ते ऑन, रिपोर्टच्या कनेक्शनवर बहुधा ऑफ. म्हणून कॅशमध्ये दोन वेगळे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे). ते ऑन करणं हा इलाज नव्हे. दुखणं पॅरामीटर स्निफिंगचं: एका दिवसाच्या तारखांवर बेतलेला प्लॅन वर्षभराच्या रिपोर्टलाही लागू होतो.

यावर क्वेरीला जोडायच्या दोन सूचना आहेत, रीकम्पाइल आणि ऑप्टिमाइझ फॉर अननोन; रिपोर्टसाठी आमचं मत रीकम्पाइलला. दर वेळी त्या तारखांपुरता नवा प्लॅन बनतो. सीपीयू जातो, पण तासाला चारदा चालणाऱ्या रिपोर्टला तो किरकोळच.

अननोन दिलेल्या किमती न बघता सरासरी अंदाजावर प्लॅन बनवतं; ते सेकंदाला शेकडोदा चालणाऱ्या क्वेरीला बरं. तारखांच्या बिटवीनला (अमुक ते तमुक तारीख) मात्र ते सरसकट टेबलच्या सुमारे १६ टक्के ओळी धरतं (ओळींचा अंदाज बांधणाऱ्या जुन्या एस्टिमेटरमध्ये ९), मग एका दिवसासाठीही टेबल स्कॅन, म्हणजे अख्खं टेबल वाचणं, होऊ शकतो.