जुन्या जिप्सीतील जुना ईसीयू : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मारुती जिप्सीचे ९७० सीसीचे कार्ब्युरेटरवाले इंजिन थकल्यावर, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आधी घेऊन, मी नोव्हेंबरमध्ये नागपुरात तिच्यात १२९८ सीसीचे, १६ व्हॉल्व्हचे एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) इंजिन बसवून घेतले. इंजिन लवकर ठरले. खरा खल झाला तो ईसीयूवर, म्हणजे किती पेट्रोल सोडायचे हे ठरवणाऱ्या इंजिनच्या संगणकावर.

इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) असलेला नंतरच्या काळातील ईसीयू चावीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन चालू ठेवत नाही, त्यामुळे त्याच्यासोबत मूळ गाडीची चावी आणि इमोबिलायझरचे युनिटही मिळवावे लागते. मी निवडलेल्या जुन्या ईसीयूला हे काहीच लागत नाही, आणि त्यातील दोष शोधण्यासाठी निदानाच्या कनेक्टरमधील ठरलेल्या दोन पिना जोडल्या की चेक इंजिनच्या दिव्याच्या उघडझापीवरून कोड मोजता येतो. १२ आला, म्हणजे कोणताही दोष नोंदलेला नाही. बाजारातील स्वस्त ओबीडी स्कॅनरला (दोषांचे कोड वाचणाऱ्या उपकरणाला) मात्र तो दाद देत नाही, ही उणीव मला अजूनही जाणवते.

पहिले वायरिंग विक्रेत्याने मधूनच कापून दिले होते आणि ते जोडण्यात माझे तीन आठवडे गेले. म्हणून ईसीयू, वायरिंग आणि सेन्सर एकाच गाडीतून उतरवलेले घ्यावेत, असा माझा आग्रह आहे. पेट्रोलचा यांत्रिक पंप अर्थातच बदलावा लागला. जिप्सीचा स्पीडोमीटर केबलवर चालत असल्याने वेगाचा सेन्सर सुरुवातीला जोडलाच नव्हता, आणि वर्धा रोडवर सिग्नलपाशी क्लच दाबताच आयडलिंग (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरते ती मंद गती) कोसळून इंजिन बंद पडत असे. सेन्सर बसवल्यावर हा त्रास थांबला.

सर्वांत कठीण परीक्षा नवतपाने, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांनी घेतली. दुपारी उन्हात उभी केलेली गाडी पुन्हा सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे अडखळे. हा ईसीयू मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातील) दाब आणि हवेचे तापमान यांवरून हवेचे वजन ठरवतो. तापलेल्या धातूजवळचा सेन्सर हवा प्रत्यक्षाहून गरम दाखवी, म्हणजे ती विरळ समजून पेट्रोल कमी सोडले जाई. सेन्सर एअर फिल्टरच्या बाजूला हलवल्यावर अडखळणे जवळजवळ संपले. ईसीयू स्वतः डॅशबोर्डखाली, इंजिनच्या उष्णतेपासून दूर ठेवला आहे.

असे ईसीयू आता सहज मिळत नाहीत, म्हणून जूनमध्ये आणखी एक घेतला, गाडीला जोडून रामटेकपर्यंत चालवून पाहिला आणि कोरड्या डब्यात ठेवून दिला.