'प्री-हिस्पॅनिक' थाळी: शब्द भारी, ताट मिसळीचं

कोल्हापुरातल्या एका कॅफेच्या मेनूकार्डावर 'प्री-हिस्पॅनिक मेक्सिकन थाळी' आहे, खाली मराठीत 'प्राचीन थाळी'. घोळ इथंच सुरू होतो. प्री-हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश सत्ता येण्याआधीचं. 'स्पॅनिशपूर्व' म्हटलं की भागतं. ते प्राचीनच असेल असं नाही. अ‍ॅझ्टेक साम्राज्याची मेक्सिकोतली राजधानी टेनोच्टिट्लान स्पॅनिशांच्या हाती पडली १५२१ मध्ये, म्हणजे १५१५ चं जेवणही स्पॅनिशपूर्वच. साल मुलखागणिक बदलतं: आपण 'ब्रिटिशपूर्व' म्हणताना बंगालला १७५७ धरतो, पुण्याला १८१८, तसंच. पेरूत स्पॅनिश सेनानी पिझारोनं इंका सम्राट अताहुआल्पाला पकडलं ते १५३२ मध्ये. 'प्री-कोलंबियन'ची, म्हणजे कोलंबस येण्याआधीची, रेघ मात्र १४९२ ची, सगळ्या अमेरिकेला एकच. ब्राझीलला स्पॅनिशपूर्व म्हणू नये. तिथं पोर्तुगीज आले.

आता ताट. मक्याची भाकरी, राजमा, भोपळा, टोमॅटो-मिरचीची चटणी, राजगिऱ्याचा लाडू. इथवर बरोबर. (राजगिरा आणि मिरची दोन्ही मूळची तिकडचीच, मिरची इकडं येण्याआधी आपला रस्सा तांबडा कशानं होणार?) पण राजम्यावर चीज, चटणीत कांदा-लसूण-कोथिंबीर आणि वर लिंबू, बाजूला भात, हे सगळं नंतरचं. गाईचं दूध, गहू, तांदूळ, ऊस, कोंबडी, डुक्कर ही मंडळी मेक्सिकोत स्पॅनिशांबरोबर उतरली. चटणी पाट्यावर वाटलेली वाटते, भरड आणि झणझणीत. ताटातली सगळ्यात चांगली गोष्ट तीच.

भाकरी मात्र कडेनं चिरते आणि दुमडली की मोडते, कारण ती नुसत्या सुक्या पिठाची आहे. मूळ पद्धत अशी: १ किलो सुका मका, ३ लिटर पाणी, १० ग्रॅम खायचा चुना. अर्धा-पाऊण तास उकळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी चोळून साल काढायची, दोन पाण्यांनी धुऊन ओलंच वाटायचं. चुन्यानं साल सुटते, पीठ चिकट होतं आणि मक्यातलं नायसिन (एक ब जीवनसत्त्व) अंगी लागतं. चुना जास्त झाला तर पीठ पिवळं पडतं, साबणासारखं लागतं.

थाळीसोबतचं चॉकलेट दूध-साखरेचं आहे, छान आहे, पण स्पॅनिशपूर्व अजिबात नाही. ते पेय पाण्यात व्हायचं, मिरची किंवा व्हॅनिला घालून, कधी मध. उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस काढायचे.

जायचं तर ऑर्डर देतानाच चीज आणि भात नको म्हणून सांगा, चटणी दुप्पट मागा आणि भाकरी गरम असतानाच संपवा.