माझदा एमएक्स-५ देऊन फोर्ड मस्टँग घ्यावी का?

माझ्याकडे चौथ्या पिढीची माझदा एमएक्स-५ ही छोटी, दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार आहे. तिच्या बदल्यात २०१८ नंतरची फोर्ड मस्टँग जीटी घ्यावी की नाही हे ठरवायचे असल्याने मी मस्टँग घाटातही चालवून पाहिली आणि लांबच्या महामार्गावरही. मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची ताकदवान अमेरिकी गाडी, म्हणून मस्टँगच निवडण्याचे कारण सरळ आहे. शेव्हरोले कमॅरो आणि डॉज चॅलेंजर या तिच्या दोन्ही जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे उत्पादन २०२३ च्या अखेरीस थांबले, त्यामुळे आज मोठे व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर असे दोन्ही हवे असेल, तर नवी असो वा वापरलेली, नजर आधी मस्टँगवरच जाते.

कागदावरची तुलना एकतर्फी आहे. एमएक्स-५ चे दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, २०१९ च्या सुधारणेनंतर, १८१ अश्वशक्ती आणि सुमारे २०५ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते. २०१८ च्या मस्टँग जीटीचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन ४६० अश्वशक्ती आणि सुमारे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क देते. वजनाच्या बाबतीत पारडे उलटे फिरते, कारण एमएक्स-५ जेमतेम १,०६० किलोची आहे आणि मस्टँग सुमारे १,७०० किलोची. तरीही दर टनामागे हिशेब केला तर एमएक्स-५ ला १७० च्या आसपास आणि मस्टँगला २७० च्या आसपास अश्वशक्ती मिळते. म्हणजे हलकेपणाने शक्तीची तूट भरून निघते, हा छोट्या गाडीच्या चाहत्यांचा आवडता युक्तिवाद निदान सरळ रस्त्यावर तरी टिकत नाही.

टॉर्कमधला फरक आकड्यांपेक्षा पायाला अधिक जाणवतो. एमएक्स-५ मध्ये पुढचे वाहन मागे टाकायचे म्हणजे आधी एक किंवा दोन गिअर खाली यावे लागते आणि इंजिन मिनिटाला चार-पाच हजार फेऱ्यांच्या वर न्यावे लागते. मस्टँगमध्ये आहे त्याच गिअरमध्ये ॲक्सिलरेटर थोडा दाबला की काम होते. लांबच्या प्रवासात ही निवांत ताकद फार सुखाची वाटते. गंमत म्हणजे दोन्ही इंजिनांची लाल रेषा, म्हणजे फेऱ्यांची कमाल मर्यादा, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवरच आहे. मात्र एमएक्स-५ चे इंजिन त्या रेषेपर्यंत रोज नेता येते, तर मस्टँगमध्ये तिथपर्यंत जाण्याची संधी सार्वजनिक रस्त्यावर क्वचितच मिळते, कारण उभ्या गाडीतून पाय पूर्ण दाबला की साडेचार सेकंदांच्या आसपास ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठला जातो आणि कायद्याच्या मर्यादेत राहायचे असेल तर पाय काढण्याची वेळ येते.

माझ्या मते या अदलाबदलीतला खरा मुद्दा हाच आहे. जी क्षमता वापरता येते तिच्यासाठी पैसे मोजायचे, की जी हाताशी असल्याचे समाधान मिळते तिच्यासाठी? दोन्ही कारणे रास्त आहेत, पण ती एकच आहेत असे समजून केलेली खरेदी पुढे पटेनाशी होते.

वळणांविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण मस्टँगविषयीचे जुने पूर्वग्रह इथेच आडवे येतात. मसल कार फक्त सरळ पळते, वळण आले की बिथरते, हे म्हणणे मागे अखंड धुरा (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस) असलेल्या पिढ्यांच्या बाबतीत अगदीच निराधार नव्हते. २०१५ च्या मॉडेलपासून मात्र मागे प्रत्येक चाक वेगळे वरखाली होऊ देणारे स्वतंत्र सस्पेन्शन आले आणि खडबडीत वळणावर मागची बाजू उडी मारण्याचा प्रकार पुष्कळच कमी झाला. रुंद टायर, मोठे ब्रेक आणि काही गाड्यांत मिळणारे चुंबकीय शॉक ॲब्झॉर्बर यांमुळे मस्टँग वळणावर रस्ता घट्ट धरून ठेवते. गुळगुळीत, रुंद घाटात ती एमएक्स-५ पेक्षा वेगाने जाऊ शकते, हे मान्य करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

तरीही ती रस्त्यावर मोठी वाटते ती वाटतेच. मस्टँग आरसे सोडून १.९२ मीटर रुंद आणि सुमारे ४.७९ मीटर लांब आहे. एमएक्स-५ ची रुंदी १.७४ मीटर आणि लांबी ३.९२ मीटर. अरुंद डोंगरी रस्त्यावर हा अठरा सेंटिमीटरचा फरक फार मोठा ठरतो, कारण आपल्याच मार्गिकेत राहून वळणाची रेषा निवडण्याची जी मोकळीक छोट्या गाडीत असते ती मोठ्या गाडीत जवळजवळ संपते. त्यात मस्टँगचे लांब, उंच बोनट समोरचा बराच रस्ता झाकते. वजनाचेही तसेच आहे. त्याच वेगातून थांबताना मस्टँगच्या ब्रेकना सुमारे १.६ पट ऊर्जा जिरवावी लागते, आणि लांब उतारावर ते जाणवते. एमएक्स-५ वळणावर चांगलीच कलते, पण त्या कलण्यातूनच टायर किती पकड देत आहेत हे चालकाला आधी कळते. मस्टँगचे स्टिअरिंग अचूक असले तरी ते बरेच कमी बोलते.

रोजच्या सोयीचा विचार केला तर वाद उरत नाही. एमएक्स-५ ची डिकी १३० लिटरची आहे, डॅशबोर्डमध्ये सामानाचा कप्पा नाही, दारांत खिसे नाहीत, आणि उंच माणसाचे डोके छताला टेकते. स्टिअरिंग पुढेमागे करण्याची सोयसुद्धा २०१९ च्या सुधारणेनंतर आली, म्हणून वापरलेली गाडी पाहणाऱ्याने हे वर्ष ध्यानात ठेवावे. मस्टँगची डिकी जवळजवळ तिप्पट आहे आणि मागे दोन आसने आहेत. ती मोठ्या माणसांच्या कामाची नसली तरी लहान मुलांना किंवा बॅगांना पुरतात. कापडी छताची एमएक्स-५ महामार्गावर गोंगाट करते आणि दोन-तीन तासांनी थकवते, तर मस्टँग दिवसभर चालवता येते.

सुरक्षिततेच्या बाबतीत केवळ आकारावर विसंबू नये. २०१७ च्या सुरुवातीला युरो एनकॅप या युरोपीय संस्थेच्या सुरक्षा चाचणीत मस्टँगला पाचपैकी दोनच तारे मिळाले आणि सुधारणा केल्यावर त्याच वर्षी तीन. एमएक्स-५ ला २०१५ मध्ये चार मिळाले होते. वापरलेली मस्टँग घेताना ती सुधारणेनंतरची आहे याची खात्री करावी.

खर्चाचे गणित इंधनापुरते नसते. अमेरिकेच्या अधिकृत चाचणीत हाताने गिअर बदलायची एमएक्स-५ लिटरला सुमारे १२ किलोमीटर जाते आणि तशीच मस्टँग जीटी साडेसात किलोमीटरच्या आसपास. टायर मोठे असल्याने महाग, मागचे टायर तर उजव्या पायाच्या सवयीनुसार झिजणारे. विम्याचा हप्ताही बहुधा वाढतो. अदलाबदलीत जुन्या गाडीची मिळणारी किंमत आणि नव्या गाडीची द्यावी लागणारी किंमत यांतला तोटा एकदाच बसतो, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, पण त्याच पैशात एमएक्स-५ ला उत्तम टायर, नवे शॉक ॲब्झॉर्बर आणि ट्रॅकवरचे काही दिवस मिळू शकतात.

आवाजाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मस्टँगचे व्ही-८ इंजिन सुरू होते तेव्हा वरचे सगळे हिशेब काही काळ गैरलागू वाटतात. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून २०१८ पासून शांतपणे सुरू होण्याची सोयही काही गाड्यांत मिळते, यावरून काय ते समजावे. एमएक्स-५ चे इंजिन मनापासून धावते, पण त्याच्या आवाजासाठी कोणी खिडकी उघडणार नाही.

मी अदलाबदल करणार नाही. माझे बहुतेक चालवणे अरुंद, वळणांच्या रस्त्यांवर, एकट्याने किंवा दुकट्याने होते, आणि तिथे एमएक्स-५ च्या क्षमतेचा मोठा भाग मला कायद्याच्या मर्यादेत वापरता येतो. ज्यांचा प्रवास मुख्यतः महामार्गावर होतो, ज्यांना तिसऱ्या माणसासाठी किंवा सामानासाठी दरवेळी दुसरी गाडी काढावी लागते, त्यांनी मस्टँग जरूर घ्यावी. फक्त पैसे वाचवण्यासाठी २.३ लिटरच्या टर्बो इंजिनाची मस्टँग घेऊ नये, कारण तीत आकार मोठ्या गाडीचा राहतो आणि ज्या इंजिनासाठी हा आकार सहन करायचा तेच हातून जाते. निर्णय होत नसेल तर विक्रेत्याच्या ठरलेल्या फेरीवर समाधान न मानता एक दिवस भाड्याने मस्टँग घ्यावी, ती आपल्या नेहमीच्या रस्त्यावर न्यावी आणि नेहमीच्याच जागी उभी करून पाहावी.